दिवाळीची सहल: टूरची लवकर बुकिंगची सवलत घ्यावी, की सगळं आपलं आपण ठरवावं?

आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीची सहल पावसाळ्यातच ठरते. दहीहंडी होऊन गेली तरी काही ठरलं नसेल, तर त्या वर्षी आम्ही सरळ गावी जातो. तोवर जे उरलेलं असतं ते एक तर महाग असतं, नाही तर गैरसोयीचं. तेव्हा आधी ठरवल्यानं पैसे वाचतात का, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. वाचतात. पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. टूर कंपनीकडे जून-जुलैमध्येच नावं घालून 'लवकर बुकिंग'ची सवलत पदरात पाडून घ्यायची, की रेल्वे, खोल्या, गाडी असं एकेक स्वतः आगाऊ बुक करत जायचं?

मी दोन्ही केलं आहे. २०२२ मध्ये टूरबरोबर केरळ. २०२४ मध्ये टूरबरोबरच माळव्याला जायचं ठरवलं होतं, ते राहिलं. आणि २०२५ मध्ये तोच माळवा, उज्जैन, महेश्वर, मांडू, इंदूर, आमचं आम्ही. आम्ही चौघं: मी, बायको, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई. खाली जे लिहितो आहे ते या तीन अनुभवांवरून. तुमच्या घरातली माणसं वेगळी असतील तर हिशेबही वेगळा निघेल.

केरळच्या सहलीबद्दल मला चांगलंच बोलायचं आहे. आई तोवर कधी महाराष्ट्राबाहेर फारशी गेली नव्हती. सोबत तिच्या वयाच्या चार बायका भेटल्या, सकाळी चहा वेळेवर, रात्री वरण-भात आणि एखादं गोड. मुन्नारच्या घाटात तिला त्रास झाला तेव्हा टूर लीडरनं आपली पुढची जागा तिला दिली आणि उतरेपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवलं. ही गोष्ट पैशात मोजता येत नाही. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस एकटंच जाणार आहे, किंवा जिथली भाषा, रस्ते, हवामान काहीच माहीत नाही, त्यांनी या लेखातलं पुढचं सगळं वाचूनही टूरच निवडली तर मी चूक म्हणणार नाही. सिक्कीमला जाऊन नथु ला ही खिंड बघायची असेल तर परवाना तसाही नोंदणीकृत एजंटामार्फतच काढावा लागतो. अशा ठिकाणी स्वतः धडपडण्यात फार काही वाचत नाही.

आता पैसे. टूरच्या जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघं हे धरून असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. माळव्याच्या टूरचा दर २०२४ मध्ये पाच रात्रींसाठी माणशी २२,५०० होता. जुलैत बुकिंग केल्यामुळे माणशी २,००० कमी झाले. चौघांचे ८२,००० आणि वर ५ टक्के जीएसटी धरून ८६,१००. हा दर इंदूर ते इंदूर होता, म्हणजे मुंबईहून जाण्यायेण्याचे साधारण दहा हजार वेगळे. एकूण शहाण्णव हजार.

पुढच्या वर्षी आमचं आम्ही गेलो तेव्हा पाच रात्रींच्या दोन खोल्या, सहा दिवसांची गाडी, रेल्वे, खाणंपिणं, तिकिटं, नर्मदेतली नाव असं सगळं मिळून चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास आलं. फरक बारा हजारांचा. वर्षं वेगळी, हॉटेलं वेगळी, त्यामुळे हा आकडा काट्यावर तोलून घेऊ नका. शिवाय टूरमध्ये माझ्या संध्याकाळी वाचल्या असत्या. स्वतः करताना ऑगस्टमधल्या आठ-दहा संध्याकाळी मी फोन आणि नकाशा घेऊन बसलो होतो. नुसता एवढाच फरक असता, तर मी बहुधा पुन्हा टूरकडे गेलो असतो.

माझं मत बदललं ते तारखेमुळे.

२०२४ च्या नवरात्रात आई न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं, प्लास्टर आलं. सहल भाऊबीजेनंतर होती, तीन आठवडे राहिले होते. मी कंपनीत फोन केला. समोरची मुलगी अतिशय आपुलकीनं बोलली, आईची चौकशी केली आणि मग अटी वाचून दाखवल्या. सवलतीच्या दरातलं बुकिंग असल्यामुळे तारीख बदलता येणार नाही. रद्द केलं तर या टप्प्याला निम्मी रक्कम कापली जाईल. आईच्या जागी दुसरं कुणी येणार असेल तर नाव बदलून मिळेल. आईला प्लास्टरमध्ये घरी ठेवून आम्ही तिघांनी जायचं आणि तिच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवायचं, हे घरात कुणालाच पटलं नाही. ४३,०५० रुपये गेले.

अटी छापलेल्या होत्या आणि मी सही केली होती, त्यामुळे फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला त्या २,००० रुपयांच्या सवलतीचा अर्थ कळला. तारीख हलवायचा आपला हक्क आपण माणशी दोन हजारांना विकलेला असतो, आणि तोही चार महिने आधी, जेव्हा पुढे काय होणार याची काहीच कल्पना नसते. आठ हजार वाचवण्यासाठी मी त्रेचाळीस हजार पणाला लावले होते. घरात वयस्कर माणूस, परीक्षेच्या तारखा बदलणारं कॉलेज आणि रजा ऐनवेळी नाकारणारं ऑफिस यातलं काही एक असेल, तर हा सौदा मला तरी महागच वाटतो.

पुढच्या वर्षी म्हणूनच ठरवलं की आधी बुक करायचं, पण प्रत्येक गोष्ट अशी की ती हलवता आली पाहिजे. योगायोगानं त्याची परीक्षाही लगेच झाली.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. हा बदल पुष्कळांना अजून अंगवळणी पडलेला नाही. टूरवाले सहा-सहा महिने आधी पैसे घेतात, पण तुम्हाला स्वतःला गाडीचं तिकीट दोन महिन्यांच्या आत येईपर्यंत काढताच येत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी पैसे परत मिळतील अशा खोल्या, मग रेल्वे, आणि शेवटी ऑफिसात रजेचा अर्ज. आम्हाला २७ ऑक्टोबर २०२५ ला निघायचं होतं, म्हणजे बुकिंग उघडणार २८ ऑगस्टला सकाळी आठला. आदल्याच दिवशी घरी गणपती बसले होते. आरतीच्या आधी मी मोबाइल घेऊन बसलो आणि अवंतिका एक्सप्रेसची थ्री एसीची चार तिकिटं बोरिवलीहून काढली. संध्याकाळी बसायचं, सकाळी इंदूर. विमानापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि एका रात्रीचं हॉटेलही वाचतं.

खोल्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. हॉटेल बुक करताना एकाच खोलीचे दोन दर दिसतात, एक परतावा मिळणारा आणि एक न मिळणारा. दुसरा रात्रीमागे चार-पाचशेनं कमी असतो आणि हात तिकडेच जातो. टूरच्या सवलतीत होता तोच सापळा इथेही आहे, फक्त छोटा. मी जास्तीचे पैसे मोजून परतावा मिळणारा दर घेतला. महेश्वरला एका घरगुती निवासात थेट फोन करून खोल्या ठरवल्या. तिथे आगाऊ एक हजार पाठवले आणि बाकीचे पोहोचल्यावर. इंदूरच्या गाडीवाल्यालाही तेवढेच.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या कॉलेजनं प्रॅक्टिकल २८ तारखेला लावलं. सगळं दोन दिवस पुढे ढकलणं भाग होतं. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तिकिटं रद्द केली. माणशी १८० रुपये आणि त्यावर जीएसटी, असे आठ तिकिटांचे मिळून १,५१२ रुपये कापले गेले. उज्जैनचं हॉटेल दोन मिनिटांत बदललं. गाडीवाला 'कोई बात नहीं' म्हणाला. मांडूला शनिवारची खोली मिळेना, इंदूरचे लोक शनिवार-रविवारी तिथे गर्दी करतात. मग महेश्वरची एक रात्र वाढवली आणि मांडू रविवारी ठेवलं, तेव्हा लोक परत निघालेले असतात. जे झालं ते चांगलंच झालं, पण ते पुढे सांगतो.

या मार्गाचा त्रासही सांगायला हवा. नव्या तारखेला जाताना आरएसी मिळालं, ते चार्ट लागताना कन्फर्म झालं. परतीचं मात्र वेटिंगच राहिलं. शेवटी ३ नोव्हेंबरला सकाळी दहाला मांडूच्या हॉटेलच्या अंगणात उभं राहून तत्काळ काढावं लागलं. आधार जोडलेलं खातं, ओटीपी, रेंज येते-जाते, आई बाजूच्या खुर्चीवर बसून 'मिळालं का रे?' विचारते आहे. मिळालं, पण माणशी साधारण चारशे जास्तीचे गेले, आणि आदल्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती. टूरमध्ये ही काळजी दुसऱ्या कुणाच्या डोक्याला असते. ज्याला हे अजिबात सोसवत नाही त्यानं त्याचे पैसे मोजणं योग्यच आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर, तारीख बदलण्याचा सगळा खर्च जेमतेम ३,१०० रुपये झाला. आदल्या वर्षी तोच ४३,०५० होता. आणि या वेळी आम्ही गेलो.

खाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आईला टूरचं जेवण आवडलं होतं, आणि महेश्वरला दुसऱ्या दिवशी तिनं भाताची आठवण काढलीच. पण माळव्यात मराठी माणसाची उपासमार व्हायची शक्यता नाही. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी दाल-बाफले, इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं मिटल्यावर लागणारा भुट्ट्याचा कीस आणि थंडीची चाहूल लागली की गराडू. हे सगळं चौघांत मिळून टूरच्या एका जेवणापेक्षा कमी पैशात झालं असेल. टूरच्या दरात रोजची तिन्ही जेवणं आधीच मोजलेली असतात. सराफ्यात पोट भरून आलात तर हॉटेलवरचं जेवण वाया, पैसे मात्र दिलेले.

आता मांडू. टूरच्या कार्यक्रमात मांडू म्हणजे इंदूरहून सकाळी निघून दुपारचे तीन-चार तास. जहाजमहाल, जामी मशीद, रूपमतीचा मंडप आणि परत. आम्ही तिथे रात्र राहिलो. रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मुंज तलावाच्या बाजूनं जहाजमहालाकडे बघत बसलो. सोमवारी सकाळी तिकिटाचं उरकल्यावर रूपमतीच्या मंडपाकडे गेलो, तेव्हा खाली निमाडाच्या मैदानावर धुकं होतं आणि पलीकडे नर्मदेची रेघ मधूनच दिसत होती. आई चढ टाळून खालीच एका गोरखचिंचेच्या झाडाजवळ बसली. कुणी 'चला, बस सुटते' म्हणत नव्हतं.

महेश्वरची वाढलेली रात्रही अशीच कामी आली. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, त्यामुळे २०२५ हे त्रिशताब्दीचं वर्ष होतं आणि घाटावर मराठी फार ऐकू येत होतं. एकच दिवस असता तर आम्ही किल्ला, राजगादी, देवपूजा बघून परत फिरलो असतो. दुसऱ्या दिवशी वेळ होता म्हणून बायको आणि आई किल्ल्याजवळच्या मागांवर दीड तास बसल्या. काठ कसा विणतात ते पाहिलं, चार ठिकाणी दर विचारले आणि मगच साडी घेतली. घाईत पहिल्याच दुकानात घेतली असती तर किती जास्त गेले असते हे मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या आणि चौथ्या दुकानात एकसारख्या वाटणाऱ्या साडीच्या दरात सातशे रुपयांचा फरक होता.

तुमचा निर्णय अजून व्हायचा असेल तर मी एवढंच सुचवीन: टूरच्या पत्रकात दर बघायच्या आधी रद्द करण्याच्या अटींचं पान उघडा. निघायच्या तीस दिवस आधी, वीस दिवस आधी, दहा दिवस आधी किती कापतात ते कागदावर लिहा आणि त्या तारखांच्या आसपास घरात काय काय होऊ शकतं ते घरच्यांना विचारा. काहीच होण्यासारखं नसेल, सगळे निवृत्त, तब्येती धडधाकट, तर लवकर बुकिंगची सवलत खरोखर चांगली आहे, घ्या. तारीख एकदा बदलून देतो असं लेखी देणारी कंपनी सापडली तर ती सवलत न देणारी असली तरी पहिली निवडा. आम्ही मात्र बहुधा आमचं आम्हीच जाऊ. आईला ओंकारेश्वर राहिल्याची हुरहुर आहे. महेश्वरच्या त्या घरी फोन करून दिवाळीनंतरच्या दोन खोल्या मागितल्या आहेत. त्या काकू म्हणाल्या, पैसे सध्या नकोत, गणपतीनंतर एकदा पक्कं कळवा.