मोल्टन की सीलवाला डॅम्पनर? मिनी ऑफसेटच्या गळतीच्या अंगाने

मिनी ऑफसेट या छोट्या छपाई मशीनचा पाण्याचा भाग, म्हणजे छापायचा मजकूर ज्यावर असतो त्या प्लेटला पाणी देणारा डॅम्पनर, बदलायचं मनात आलं की निवड बहुतेक दोन गोष्टींवर येऊन थांबते. एक जुनी पद्धत: ट्रे, त्यात फिरणारा रोलर, मधूनमधून पाणी उचलून देणारा डक्टर आणि प्लेटला टेकणारा, मोल्टन (पाणी शोषणारं कापडी आवरण) चढवलेला फॉर्म रोलर. दुसरा सलग पाणी देणारा, सीलवाला डॅम्पनर. त्यात ट्रे नसतो. दोन रोलर जिथे एकमेकांना टेकतात त्या खोबणीतच पाणी साठतं आणि दोन्ही टोकांची सील ते अडवून धरतात. ए. बी. डिक 360 सारख्या मशीनवर पाणी आणि शाई एकाच रोलरवरून प्लेटवर जाते, तो प्रकार निराळा आहे. तो मी इथे धरलेला नाही.

मी दोन्ही चालवले आहेत. छपाईचा दर्जा एवढाच निकष असेल तर सलग डॅम्पनर सरस आहे, हे आधीच सांगतो. मोल्टनला पाणी कमी-जास्त केलं की कापड ते मुरवून ठेवतं. बदल तावावर दिसेपर्यंत बराच कागद वाया गेलेला असतो. सलग डॅम्पनरवर थोड्याच तावांत शाई-पाण्याचा तोल बसतो. मोठं सॉलिड (सलग भरीव रंगाचा भाग) असलं तरी काळा भरून येतो, कापडाचा तंतू प्लेटवर जाऊन पांढरा ठिपका उठत नाही, आणि गडद रंगावरून फिक्या रंगावर जाताना कापड बदलावं लागत नाही. मोल्टन शिवण्या-बांधण्याचं काम कुणालाच आवडत नाही, तेही वाचतं.

एवढं असूनही माझ्या मशीनवर आज मोल्टन आहे. कारण गळती.

गळत दोन्हीही असतात. फरक आहे तो गळती कुठून होते हे शोधण्यात. ट्रेचं पाणी गळलं तर संशयित मोजकेच असतात, आणि मशीन बंद ठेवून एकेकाला बाजूला काढता येतं. माझी पद्धत अशी. ट्रेला पाणी पुरवणारी उलटी बाटली काढून घ्यायची, ट्रे हाताने नेहमीच्या पातळीपर्यंत भरायचा, खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसायची आणि खाली कोरा ताव अंथरायचा. ताव कोरडा राहिला आणि पातळी हलली नाही तर ट्रे निर्दोष, दोष बाटलीकडे. तावावर ओला डाग पडला तर तो नेमका ज्या जागेखाली पडला तिथेच छिद्र, सैल झालेला ड्रेनचा नळ किंवा उसवलेला सांधा सापडतो. फाउंटन, म्हणजे प्लेटला द्यायचं पाण्याचं मिश्रण, आम्लधर्मी असतं, साधारण 4 ते 5.5 पीएच. त्यामुळे जुन्या धातूच्या ट्रेला कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. वरून नुसतं बघून ती कळत नाहीत, तावावर मात्र लगेच उमटतात.

बाटलीचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ट्रे ओसंडण्याच्या बहुतेक तक्रारी मला तिथेच संपताना दिसल्या आहेत. उलटी बाटली पातळी राखते ती हवेच्या जोरावर. ट्रेतलं पाणी तोंडाच्या खाली गेलं की हवा आत शिरते, तेवढंच पाणी खाली येतं, तोंड पुन्हा बुडतं आणि प्रवाह थांबतो. आता बाटलीच्या वरच्या भागाला केसाएवढी चीर गेली, तर हवा तिथून शिरत राहते आणि बाटली थांबायचं नाव घेत नाही. ट्रे भरून वाहतो, आणि लोक डक्टर नाही तर रोलरचा दाब तपासत बसतात. झाकणाच्या व्हॉल्व्हची रबरी चकती कडक झाली असेल तर बाटली बसवताना-काढतानाच पाणी सांडतं, तेही सगळं ट्रेच्या कडेवर. दुसरी एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही. अर्धवट रिकामी बाटली रात्रभर मशीनवर राहिली आणि सकाळी खोली तापली, तर आतली हवा फुगून पाणी खाली ढकलते. बाटलीत आणि ट्रेत काहीही दोष नसताना ट्रे काठोकाठ येतो. म्हणून काम संपलं की बाटली उतरवून ठेवायची.

मोल्टनची स्वतःचीही एक गळती आहे. कापड गरजेपेक्षा जास्त भिजलं की रोलरच्या टोकांना पाणी पिळून निघतं आणि शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकतं. ही खरी म्हणजे गळती नाही, पाण्याचा अतिरेक आहे. डक्टरचा टेकण्याचा वेळ कमी केला, टोकाची दोरी नीट आवळली, दोन्ही बाजूंचा दाब सारखा केला की ती थांबते. कागदाची पट्टी रोलर आणि प्लेटमध्ये घालून दोन्हीकडे ओढून बघितली तर दाबातला फरक हाताला लगेच कळतो.

आता सीलवाल्याकडे येऊ. चांगल्या दिवसांत यासारखं सुख नाही. पाणी थोडं, ट्रे धुणं नाही, शेवाळ नाही. मात्र पाणी अडवण्याचा सगळा भार दोन छोट्या सीलवर असतो, आणि ती सील फिरत्या रोलरला घासतच जगतात. त्यांच्याखाली फाउंटनमधला गोंद वाळला, शाईचा थर बसला, रोलरच्या कडेला बारीक खाच पडली किंवा रबर किंचित फुगलं, तरी पाण्याला वाट मिळते. दोन रोलर समांतर नसतील तर सील नवीन असूनही एक बाजू गळते. शाई न देता आधी पाणी भरलं, तरी काही डॅम्पनर टोकाकडून थेंब टाकतात. आणि माझ्या अनुभवात तरी, अल्कोहोल किंवा त्याचा पर्याय वाढवला की फाउंटनचा पृष्ठताण घटतो आणि आधी अडणारं पाणी त्याच सीलखालून निसटू लागतं.

ही कारणं वाचायला वेगवेगळी वाटतात, मशीनवर मात्र सगळ्यांचं लक्षण एकच: गिअरच्या बाजूला टोकाशी एक थेंब. मशीन थांबवलं की रोलर स्थिर होतात, पाणी खोबणीत निवांत बसतं आणि थेंब बंद. मशीन चालू केलं, वेग वाढवला की पुन्हा सुरू. म्हणजे दोष फक्त चालत्या मशीनवर दिसतो आणि चालत्या मशीनवर तिथे हात घालता येत नाही, घालूही नये. मग उरतो तो अंदाज. सील बदलून बघा, नाही थांबलं तर दाब बदलून बघा, नाही थांबलं तर रोलर काढा. प्रत्येक वेळी पाणी उपसायचं, वॉश-अप करायचा (रोलर धुवायचे), पुन्हा शाई चढवायची, तोल बसवायचा आणि मग कळणार की कारण ते नव्हतंच.

माझा निर्णय इथे झाला. थेंब छोटा होता, काम थांबत नव्हतं. छापील तावाच्या एका कडेला हाफटोन (बारीक ठिपक्यांनी छापलेला भाग) फिका पडायचा, कधी तावावर पाण्याचा गोल डाग यायचा, म्हणून मी सील आवळून घ्यायचो. आवळलं की काही दिवस बरं चालायचं. पण आवळलेलं सील रोलरची कड जास्त घासतं, कड झिजली की पुढचं सील आणखी लवकर गळतं. दरम्यान तो थेंब रोज शाफ्टवरून बेअरिंगमध्ये जात होता. एक दिवस बेअरिंग काढलं तर आतलं ग्रीस पांढरट, दह्यासारखं झालेलं, आणि गोळ्यांवर तांबूस गंज. ट्रेच्या गळतीत पाणी जमिनीवर पडतं, म्हणून ती दिसते. सीलची गळती मशीनच्या आत जिरते, आणि माझा सगळा आक्षेप एवढ्यावरच आहे.

हा अनुभव सगळ्यांचा असेल असं म्हणवत नाही. मशीन सपाट बसलेलं असेल, रोलर नवे असतील आणि एकच ऑपरेटर रोज काम संपल्यावर सील पुसून ठेवत असेल, तर सीलवाला डॅम्पनर कितीतरी काळ एक थेंबही न टाकता चालतो. तसं चालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मोल्टनकडे परत जायला सांगणं अन्यायाचं होईल. तुमचं काम लांब रनचं (एकाच प्लेटवर पुष्कळ प्रती), सॉलिडचं, दोन रंगांचं असेल तर मीही कदाचित तुमच्यासाठी तोच सुचवीन. लेटरहेड, बिलबुकं, पत्रकं, दिवसात अनेकदा प्लेट बदलणं, मध्ये दोन तास मशीन उभं राहणं, असं काम असेल तर मोल्टनचा संथपणा फारसा जाचत नाही, आणि सीलच्या कुरबुरी मात्र जाचतात. कारण मशीन उभं राहतं तेव्हाच सीलखाली गोंद वाळतो.

मधला मार्गही आहे. काही लोक कापड काढून टाकतात आणि रबरी फॉर्म रोलर उघडाच चालवतात. तंतूचा त्रास जातो, ट्रे राहतो, गळती शोधणं सोपं राहतं. फाउंटनचं मिश्रण मात्र काटेकोर लागतं, नाही तर प्लेट कडेने शाई धरायला लागते. हायडलबर्गच्या अल्कलरसारख्या सलग डॅम्पनरला ट्रे असतोच, त्यामुळे माझा सीलवरचा आक्षेप त्याला लागू होत नाही. थंड पाणी फिरवणारी जोडणी असली तर तिथे वेगळीच फसगत होते: दमट हवेत थंड ट्रेच्या खालून घाम सुटतो आणि तो गळतीसारखाच टपकतो. ट्रेची खालची बाजू पुसून, थंडावा बंद करून थोडा वेळ बघितलं की खरंखोटं कळतं. तसं काही नसेल आणि ट्रे ओसंडतच असेल तर परतीची नळी बघा. कागदाची धूळ आणि शेवाळ मिळून ती तुंबते.

सीलवालाच घ्यायचा ठरला असेल, त्यातही वापरलेला, तर विकणाऱ्याला मशीन चालवून दाखवायला सांगून भागत नाही. वीज बंद करून दोन्ही सील काढायला लावा. सील बसतात तिथे रोलरच्या कडेवरून नख हळू फिरवा. नखाला पायरी लागली, म्हणजे आधीच्या मालकाने सील आवळत आवळत दिवस काढले आहेत, आणि नवीन सील त्यावर टिकणार नाहीत. रोलर दोन्ही टोकांना सारखे टेकतात का ते कागदाच्या पट्टीने बघा. शेवटी बेअरिंगचं झाकण उघडून ग्रीसचा रंग बघा.