बंगल्याचा पैसा एलिव्हेशनवर लावायचा की छज्जा, खिडकी, फरशीवर?

प्लॉट घेऊन झाला, आर्किटेक्टने पहिला थ्रीडी व्ह्यू पाठवला, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष समोरच्या बाजूकडेच, म्हणजे एलिव्हेशनकडेच जातं, कुणाला लाकडासारखं दिसणारं एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचं) शीट पाहिजे, कुणाला सीएनसी (मशीनने नक्षी कापलेली) जाळी, कुणाला रात्री चमकणाऱ्या एलईडी पट्ट्या. माझं म्हणणं सरळ आहे. या गोष्टी पाच वर्षांनीही लावता येतात आणि काढताही येतात, पण छज्जा किती बाहेर काढलाय, खिडकी कुठल्या भिंतीत आहे आणि पायाखाली कुठली फरशी आहे हे नंतर बदलायचं म्हणजे तोडफोड. म्हणून बजेट ओढाताणीचं असेल तर आधी हे तीन नीट करा, घर वेगळं दिसतं ते यांच्यामुळेच.

खिडकीत खरी निवड स्लायडिंग (सरकणारी) की पल्ल्याची (दारासारखी उघडणारी) ही आहे, ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) हे त्यानंतर. स्लायडिंगमध्ये सहा फुटांची खिडकी घेतली तरी वारा तीनच फुटांतून येतो, थ्री ट्रॅक करून, म्हणजे तिसरा रूळ देऊन त्यात डासांची जाळी घातली तरी तेवढाच. पल्ल्याची पूर्ण उघडते आणि बंद केली की रबर दाबलं जातं, त्यामुळे झोडपणाऱ्या पावसात ती जास्त भरवशाची, स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं आणि बाहेर जायची भोकं मातीने बुजली की तेच पाणी आत येतं. पण पल्ला बाहेर उघडणार, ग्रिल आत, मग जाळी कुठे आणि हात घालून कडी कशी लावायची, हे ऑर्डर देण्याआधी फॅब्रिकेटरकडून कागदावर काढून घ्या. पल्ले फार रुंद ठेवू नका, वजनाने खाली बसतात. बाल्कनीच्या मोठ्या दारांना स्लायडिंग, बेडरूम आणि किचनला पल्ल्याची, असं मी तरी करेन. फ्रेम बारीक दिसायला हवी असेल तर ॲल्युमिनियम, रस्त्याचा आवाज अडवायचा असेल तर यूपीव्हीसीही चालेल पण तिच्या चौकटी जाड येतात. समुद्राजवळ असाल तर दोन्हीत बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, यात घासाघीस करू नका.

आता छज्जा. हल्लीच्या सपाट चौकोनी एलिव्हेशनमध्ये छज्जा नकोच असं सुचवलं जातं, फोटोत छान दिसतं ते, पण आपल्याकडच्या उन्हापावसात तो हवाच. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण 48 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला तर सव्वादोन फुटांपर्यंत सावली पडते. मेच्या मध्यावर तर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा, आणि दक्षिणेच्या भिंतीला भर दुपारी जवळपास ऊनच लागत नाही. त्रास देते ती पश्चिम. चारनंतर ऊन इतकं तिरकं येत जातं की आडव्या छज्जाचा फारसा उपयोग होत नाही, तिथे उभ्या फिन्स (भिंतीतून बाहेर काढलेल्या पट्ट्या), लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप) नाहीतर झाड लागतं, आणि शक्य असेल तर त्या बाजूला जिना, बाथरूम, स्टोअर टाकून मोकळं व्हायचं. सगळ्या बाजूंना एकसारखी खिडकी आणि तिच्याभोवती एकसारखा बॉक्स काढलेलं डिझाइन आलं तर दिशा बघितलेली नाही असं समजा.

एक बारीक गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाहीच. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून दीड-दोन इंच आत एक खाच ठेवतात, ड्रिप मोल्ड म्हणतात तिला. ती असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं. नसली की तेच पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येतं आणि दोन पावसाळ्यांत काळे ओघळ दिसायला लागतात. खिडकीखालच्या ग्रॅनाइटचंही तसंच, भिंतीच्या बाहेर इंचभर, बाहेरच्या बाजूला उतार आणि खाली खाच. शेजारी शेजारी दोन नवी घरं बघा, स्वच्छ दिसणाऱ्या घरात हे केलेलं असतं.

फरशीत व्हिट्रिफाइड (कारखान्यात भाजलेली टाइल) विरुद्ध कोटा-शहाबादी (नैसर्गिक दगड), यावर घरोघरी भांडणं होतात. व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही म्हटलं तरी चालेल, डाग धरत नाही, लागते पटकन. पण 800 बाय 1600 मिलिमीटरची मोठी टाइल घ्यायची तर खालचा थर एकदम सपाट लागतो, पोकळ राहिली तर जड वस्तू पडल्यावर तडकते, म्हणून मिस्त्री जायच्या आत नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. बऱ्याच टाइलचं वरचं डिझाइन छापील असतं, कोपरा उडाला की आतला वेगळा रंग दिसतो. कोटा हा चुनखडी दगड, आरपार एकच, ओरखडे पडले तर पुन्हा पॉलिश होतो आणि जुना झाल्यावर उलट शोभतो. मात्र लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर सांडलं की पांढुरका डाग पडतो, आणि रंग गडद असल्याने भिंती पांढऱ्या नसतील तर खोली अंधारी वाटते. त्यामुळे माझा कौल: किचनला व्हिट्रिफाइड, हॉल, पडवी आणि जिन्याला कोटा. बाहेर जिथे पावसाचं पाणी येतं तिथे पॉलिश करूच नका, घरात म्हातारी माणसं असतील तर अजिबातच नाही.

बाहेरच्या भिंतीला कोकणात जांभा उघडा ठेवता येतो आणि त्याच्यासारखं देखणं दुसरं काही नाही, फक्त पावसाच्या माऱ्याच्या बाजूला छप्पर पुढे ओढा, नाहीतर शेवाळ धरतो. देशावर तोच हट्ट धरून जांभा वाहून आणण्यात मला अर्थ वाटत नाही, आपला काळा दगड जोत्याला आणि कंपाउंडला वापरा, वर साधं प्लास्टर. पातळ क्लॅडिंग (दगडाच्या चकत्या) चिकटवणार असाल तर कोपरे तपासा, तिथे दगडाची दोन सेंटिमीटर जाडी उघडी पडली की भिंत लगेच खोटी दिसते.

डबल हाइट (दोन मजल्यांच्या उंचीचा) हॉल की चौक (घराच्या मधली उघडी जागा)? प्लॉट लहान असेल तर दोन्ही सोडा. डबल हाइट दिसतो भारी, पण वरची खोली जाते, एसीला जास्त हवा थंड करावी लागते आणि जळमटं काढायला दरवेळी मोठी शिडी. चौक सुंदर, हवाही खेळते, पण पाण्याचा निचरा आणि वरून सुरक्षेची जाळी आलीच. जिन्याच्या माथ्यावर लूव्हरची खिडकी ठेवली तर गरम हवा तिथून निघून जाते, आणि तिला वेगळी जागा लागत नाही.

फरशी मात्र जिन्याचं सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) बांधायच्या आधीच नक्की करा. सिमेंट-वाळूचा माल घालून बसवलेला कोटा आणि ॲडहेसिव्हवर चिकटवलेली टाइल यांच्या जाडीत इंच-दीड इंच सहज फरक पडतो, नंतर मत बदललं की जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच किंवा बुटकी होते, आणि पाय अडखळतो तो नेमका तिथेच.