डीएमआयटी केली बाबा एकदाची (५ पैकी २ स्टार, त्यातला एक एसीचा)

सोसायटीतल्या सगळ्यांनी पोरांची ही बोटांच्या ठशांवरून बुद्धी नि कल सांगणारी टेस्ट करून घेतली म्हणून आम्हीपण गेलो, साडेचार हजार भरले, दहाही बोटं स्कॅनरवर ठेवली आणि आठवड्याने चाळीस पानी रंगीत रिपोर्ट हातात, त्यात लेकीचा मेंदू भावकीत जमीन वाटावी तसा टक्क्यांत वाटलेला. वाचून आम्ही दोघं खूश, अगदी आपलीच पोरगी! मग कळलं ‘हळवी आहे पण कधीकधी हट्टी’ हे शेजारच्या पोराच्या रिपोर्टमधेपण आहे, शब्दाला शब्द.

१९४८ मध्ये फोरर नावाच्या सायकॉलॉजिस्टने ३९ विद्यार्थ्यांना एकच वर्णन प्रत्येकाचं खास म्हणून दिलं होतं, किती जुळतं याला पोरांनी सरासरी ५ पैकी ४.२६ मार्क दिले. आम्ही त्याच वर्गातले.

बोटांचे ठसे गर्भातच बनतात हे खरं, हॉवर्ड गार्डनरने १९८३ मध्ये मल्टिपल इंटेलिजन्स (बुद्धी एकच नसते, अनेक प्रकारची असते) मांडलं हेही खरं, पण या दोघांचं लग्न कोणी लावलं? इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेपण याला शास्त्रीय आधार नाही म्हणून सांगितलंय.

तरी लोकांना मूर्ख म्हणवत नाही. दहावीनंतर काय याची धास्ती, शाळेत धड बोलायला कोणी नाही, आणि पत्रिकेला हसणारे आम्ही स्कॅनर बघून गप्प. त्यात सगळ्यांनीच पैसे भरलेत, ग्रुपवर आधी तोंड कोण उघडणार?

काउन्सेलर ताई गोड बोलतात हां. रिपोर्टप्रमाणे लेकीला गाण्यात गती नाही, आत्ता बाथरूममधे जोरात चालू आहे.