जुना थिंकपॅड टी४७० आणि डेबियन १३ : राजारामपुरीत घेतलेल्या लॅपटॉपचे परीक्षण

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ मात्र, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. लेनोवोचा थिंकपॅड टी४७० हा २०१७ सालचा लॅपटॉप असून त्यात सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो. त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही ते 'जुने' ठरले आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या वापरलेल्या लॅपटॉपांच्या दुकानांत परवडणाऱ्या भावात मिळू लागले. सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असलेला टी४७० मी तिथूनच पंधरा हजारांच्या आसपास घेतला. त्यावर डेबियन १३ ही लिनक्स प्रकारातली मोफत कार्यप्रणाली घालून मी रोजचे लिखाण, हिशेब आणि इंटरनेटचे काम करतो.

"विंडोज टाकूनच देतो की सर, लिनक्स कशाला पायजे?" असे दुकानदाराने विचारले खरे, पण पेनड्राइव्हवरून डेबियन चालवून पाहण्यास त्याने आडकाठी केली नाही, आणि जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत ही मुभा भावातल्या घासाघिशीपेक्षा अधिक मोलाची आहे. लॅपटॉपमधल्या एसएसडीला हात न लावता यंत्रणा पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसपीसीआय' ही आज्ञा योग्य पर्यायांसह दिली की आतल्या प्रमुख चिपांपैकी प्रत्येकीचा क्रमांक आणि ती चालवणारा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर पडद्यावर येतो. वायफायच्या ओळीत ८०८६ हा इंटेलचा ओळख-क्रमांक दिसला (आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा कंपनीने स्वतःच्या ओळखीसाठी घेतलेला आहे) आणि त्याखाली 'आयडब्ल्यूएलवायफाय' हे ड्रायव्हरचे नाव आले. ज्या चिपच्या खाली असे नाव येत नाही, तिच्याविषयी व्यवहार ठरण्यापूर्वीच चौकशी करावी. मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही, कारण वापरलेल्या यंत्रातले वायफाय कार्ड मधल्या काळात कोणी बदलले असेल तर ते बाहेरून कळत नाही.

ड्रायव्हर मुक्तस्रोत असला तरी इंटेलच्या वायफायला फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, एक बंदिस्त फाइल लागते. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा फायली तत्त्व म्हणून ठेवल्या जात नसत आणि लॅपटॉपवाल्याला केबल जोडून किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवरून त्या आणाव्या लागत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट झाल्या, त्यामुळे माझ्याकडे इन्स्टॉलेशनच्या वेळीच घरच्या राउटरचे नाव यादीत दिसले. काटेकोर मंडळींना ही तडजोड रुचत नाही. मला मात्र ती बऱ्याच आधी व्हायला हवी होती असे वाटते.

घरातल्या जुन्या डेस्कटॉपसाठी घेतलेल्या एका स्वस्त यूएसबी वायफायचा अनुभव याच्या नेमका उलट होता. त्याच्या खोक्यावर 'लिनक्सवर चालते' असे छापलेले होते, पण सोबतच्या छोट्या सीडीवरचा ड्रायव्हर कित्येक वर्षांपूर्वीच्या कर्नलसाठी लिहिलेला होता. बाहेरून मिळवलेला दुसरा ड्रायव्हर बसवला, तरी प्रत्येक कर्नल अद्ययावत झाल्यावर तो नव्याने बांधावा लागे. यूएसबीवर चालणाऱ्या अशा काही चिपांना २०२३ च्या ६.२ कर्नलपासून मुळातच आधार मिळू लागला. डेबियन १३ मधला कर्नल ६.१२ आहे, त्यामुळे तेच उपकरण आज कसलीही खटपट न करता चालते. एखादे उपकरण लिनक्सवर चालते का, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने कर्नलच्या आवृत्तीबरोबर बदलत असते आणि खोक्यावर छापलेल्या ओळीत ते मावत नाही.

टी४७० च्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्‌भवतच नाही. ध्वनी, कॅमेरा, ब्लूटूथ, केबलचे नेटवर्क, कळफलकाच्या मधोमध असलेला तांबडा ट्रॅकपॉइंट (माउसचे काम करणारा ठिपका), पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा, सारे काही वेगळा ड्रायव्हर न शोधता चालते. झाकण मिटल्यावर यंत्र नीट झोपते आणि उघडल्यावर नीट जागे होते, हे विशेष नोंदवण्यासारखे आहे. कारण या पिढीत 'एस३' ही पूर्ण निद्रेची जुनी पद्धत शाबूत आहे, तर पुढच्या अनेक लॅपटॉपांत ती काढून टाकल्याने बॅगेतल्या बॅगेत बॅटरी उतरल्याच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे की सातव्या, हे मात्र घेणाऱ्याने पाहून घ्यावे. सातव्या पिढीतील एचडी ६२० ग्राफिक्स यूट्यूबचा व्हीपी९ या संकोचित स्वरूपातला व्हिडिओ स्वतः उलगडते. सहाव्यातले एचडी ५२० ते काम पूर्णपणे करू शकत नाही, प्रोसेसरवर भार येतो आणि पंखा घुमू लागतो. नवे एव्ही१ स्वरूप दोन्हींच्या आवाक्याबाहेर आहे.

या यंत्राचा मला सर्वाधिक आवडलेला भाग म्हणजे त्याच्या दोन बॅटऱ्या. एक आत कायम बसवलेली आणि दुसरी मागच्या बाजूने काढता-घालता येणारी असल्याने काम चालू असतानाच मागची बॅटरी बदलता येते, आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर ही सोय किती उपयोगी पडते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. वापरलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीची मूळ क्षमता आणि उरलेली क्षमता हे दोन्ही आकडे लिनक्समधली 'यूपॉवर' ही आज्ञा दाखवते. माझ्याकडची मागची बॅटरी मूळ २४ वॉट-तासांची होती आणि तिच्यात जेमतेम १५ उरले होते. पडद्यावरचा तो आकडा दाखवल्यावर दुकानदाराने दुसरी बॅटरी बसवून दिली. कितव्या टक्क्याला चार्जिंग थांबवायचे ही मर्यादा कर्नलमधला थिंकपॅडचा ड्रायव्हर प्रत्येक बॅटरीसाठी स्वतंत्र ठेवू देतो. लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडून ठेवणाऱ्यांनी ती ८० टक्क्यांवर ठेवावी. रॅमचे दोन खाचे असल्याने ८ जीबीची आणखी एक पट्टी पुढे केव्हाही घालता येते. तळ उघडण्याआधी बायोसमधून (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) आतली बॅटरी बंद करण्यास मात्र विसरू नये.

उणिवाही आहेत. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर लिनक्समधल्या ठसे ओळखणाऱ्या नेहमीच्या 'लिब्‌एफप्रिंट' सॉफ्टवेअरच्या आधार-यादीत नाही. त्यासाठी हौशी मंडळींनी लिहिलेला वेगळा प्रकल्प आहे, पण मी पासवर्डवरच समाधानी आहे. प्रिंटरची अडचण लॅपटॉपमुळे येत नाही, तरी ती येणारच हे गृहीत धरावे. अनेक झेरॉक्स सेंटरांत दिसणारे एक बुटके, दणकट लेझर यंत्र केवळ आपल्या उत्पादकाची बंदिस्त भाषा समजते. ते माझ्याकडेही होते आणि डेबियनवरून त्यातून एक पान छापून घेताना माझा जीव मेटाकुटीला आला. त्याऐवजी एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या ड्रायव्हरविना छपाईच्या पद्धतींना मानणारा नेटवर्कवरचा साधा प्रिंटर लिनक्समधल्या 'कप्स' या छपाई-यंत्रणेने आपणहून शोधला आणि ड्रायव्हरचा विषयच संपला. ज्यांचे छपाईचे काम श्रीलिपी या भारतीय भाषांच्या टंकलेखन-सॉफ्टवेअरवर चालते, त्यांनी या वाटेला जाऊ नये. ते सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठी आहे.

मराठी टंकलेखनासाठी सेटिंग्जमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक जोडला की पुरे. लोहित आणि नोटो हे दोन्ही देवनागरी टंक डेबियनच्या भांडारात आहेत आणि जोडाक्षरे व्यवस्थित उमटतात. फक्त पडदा पारखून घ्यावा. हे मॉडेल १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८० अशा दोन्ही पडद्यांत मिळते आणि दुकानात बहुधा पहिलेच पुढे केले जाते. त्यावर इंग्रजी मजकूर एक वेळ खपून जातो, पण बारीक टंकातला अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. दुसऱ्यासाठी हजारभर रुपये अधिक मोजावे लागले, तरी लिहिण्या-वाचण्याचे काम असणाऱ्याने तोच मागून घ्यावा.