जुना सोफा, दोन गाद्या आणि फ्रीज: घरून उचलून नेणाऱ्या सेवेचा अनुभव

पुण्यात सदाशिव पेठेतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरातून तीन आसनी सोफा, दोन गाद्या आणि बंद पडलेला फ्रीज काढायचा होता. कचरा न्यायला रोज दारी येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंच्या ढकलगाडीत सोफा मावत नाही, भंगारवाल्याला फक्त फ्रीज हवा होता, आणि अंधार पडल्यावर सामान नदीकाठी टाकून येणे आम्हाला मान्य नव्हते. म्हणून अवजड वस्तू घरून नेणाऱ्या एका खासगी सेवेला बोलावले.

व्हॉट्सॲपवर छायाचित्रे पाठवल्यावर त्याच संध्याकाळी दर कळले: सोफा आणि गाद्यांसाठी आम्ही 1,400 रुपये द्यायचे, त्यातून फ्रीजचे 700 रुपये ते वळते करणार. भंगार द्यायचे आणि वर पैसेही आपणच मोजायचे, हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. पण सोफ्यात विकण्याजोगे किती थोडे असते, हे माणसे आल्यावर दिसले. जिन्याच्या वळणावर तो अडकताच त्यांनी तो परत वर आणून उलटा केला, पक्कडीने एकेक पिन उपसून रेक्झिन सोलले आणि फोम, स्प्रिंगा व सांगाडा वेगळे केले. सांगाडा प्लायवुडचा निघाला. तो सागवानी असल्याची आमची वीस वर्षांची समजूत तिथेच संपली.

या सेवेला पैसे मोजणे मला पटले ते फ्रीजमुळे. भंगारात फ्रीज गेला की बहुधा तांब्यासाठी त्याची नळी तिथल्या तिथे कापली जाते आणि आतला थंडावा देणारा वायू हवेत जातो. आमच्या फ्रीजमागच्या पट्टीवर या वायूचे नाव आर-134ए असे लिहिले होते. ओझोनच्या थराला या वायूची झळ बसत नसली, तरी उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रबळ आहे. माणसांनी नळीला हात न लावता, दार दोरीने बांधून, फ्रीज उभाच खाली नेला. फ्रीज ई-कचऱ्यात मोडत असल्याने तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोचल्याची पावती मी मागितली होती. ती पंधरा दिवसांनी आणि दोनदा आठवण केल्यावर आली, परंतु आली.

गाद्यांच्या बाबतीत मात्र समाधान झाले नाही. कापसाची गादी पिंजाऱ्याकडे जाईल, असे सांगितले. काथ्या आणि फोमची गादी शेवटी कुठे जाते, या प्रश्नावर ‘गोदामात जाते’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही, आणि गोदामाच्या पुढचे तेच तर विचारायचे होते. टेंपो दोन तास उशिरा आला, आणि खिळे-पिना उपसणाऱ्या माणसांच्या हातात साधे मोजेही नव्हते, ही उशिरापेक्षा मोठी उणीव मानावी लागेल.

फ्रीज, वॉशिंग मशीन किंवा जिन्यात अडकणारा सोफा असेल, तर ही सेवा घ्यावी; पावतीची अट आधीच लेखी घालावी. कापसाची गादी स्वतःच पिंजाऱ्याकडे न्यावी, कारण तो तिचीच नवी गादी भरून देतो. लोखंडी कपाटासाठी मात्र यांना बोलावण्याचे कारण नाही. आमच्या गल्लीतला भंगारवाला त्याचे वजन करून रोख पैसे देतो आणि तिसऱ्या मजल्यावरून ते उतरवतोही स्वतःच.