कॅम्पर गाडीला बॅटरी कुठली घ्यावी: ट्युब्युलर, एसएमएफ की लिथियम

सातारच्या मावसभावाने दिवाळीत कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी, करायला जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, ३३५० व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये), आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी त्याचा फोन असतो. पडदे कुठले लावू, बेडखाली ड्रॉवर करू का, टॉयलेटचं काय करू. मी त्याला दरवेळी एकच सांगतो, बाबा आधी बॅटरीचं ठरव, पडदे काय कधीही बदलता येतात पण बॅटरीचा खोका, वायरी आणि चार्जिंग एकदा चुकीचं बसलं की अख्खा बेड उचकटल्याशिवाय ते दुरुस्त होत नाही. त्याचं म्हणणं, इथला दुकानदार ट्युब्युलर घे म्हणतोय, व्हिडिओवाले सगळे लिथियम म्हणतात, मी कुणाचं ऐकू. म्हणून म्हटलं सविस्तरच लिहितो, त्याच्यासाठी आणि घरच्या घरी गाडी करायला बसलेल्या बाकीच्यांसाठी पण.

(सीटा काढायच्या असतील तर आधी आरटीओत जाऊन या. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याचसाठी आहे. पुढे इन्शुरन्स क्लेमच्या वेळी हेच आडवं येतं.)

गाडी स्टार्ट करायची जी बॅटरी असते तिच्यावर पंखा-फ्रिज चालवायचा नाही, एवढं तर पक्कं. तिच्या प्लेटा पातळ असतात, दोन-चार सेकंद जोरात करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरने (इंजिनवर फिरणारा जनरेटर) भरून घ्यायचं एवढंच तिचं काम. ती थोड्याच वेळा पूर्ण उतरवली की संपली, वर सकाळी गाडी चालू होत नाही ते वेगळंच. राहायच्या भागाला दुसरी बॅटरी हवीच, आणि ती कुठली हाच खरा प्रश्न.

आधी हिशोब मांडा, नाहीतर सगळी चर्चा हवेत राहते. आमच्या गाडीत चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आहे, तो चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो पण मधेमधे बंद होतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात दिवसाला ४५० वॅट-अवरच्या आसपास धरा. पंखा २५ वॅटचा, रात्रभर आठ तास म्हणजे २००. दिवे, मोबाईल, मुलीचा लॅपटॉप, पाण्याचा छोटा पंप हे सगळं मिळून अजून २००. झाले ८५० वॅट-अवर. आता १०० एएचची (अँपिअर-अवर) लेड बॅटरी, म्हणजे शिसं-ॲसिडवाली, ट्युब्युलर आणि एसएमएफ दोन्ही त्याच जातीच्या, कागदावर १२०० वॅट-अवरची असते, पण ती अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलं की आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे हातात खरे ६००. तेवढ्याच एएचची लिथियम १२८० ची, त्यातले ११०० बिनधास्त वापरता येतात. म्हणजे तुलना शंभरला शंभर अशी होतच नाही, लिथियमच्या शंभरला लेडची जवळजवळ दुप्पट लागते, आणि दुकानात भाव विचारताना नेमकं हेच विसरलं जातं.

ट्युब्युलर मी स्वतः वापरलीय, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलतो. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हापासून आपला या बॅटरीवर विश्वास आहे आणि तो चुकीचा नाही, घरात कोपऱ्यात ठेवून डिस्टिल्ड वॉटर घालत राहिलं तर वर्षानुवर्षं चालते. कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, जुनी दिली तर शिशाच्या वजनावर पैसे परत मिळतात. १५० एएच पंधरा हजारांच्या आसपास येते. पण ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. सोळा इंच उंच असते त्यामुळे बेडखाली सहज मावत नाही, वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि आतलं ॲसिड पाण्यासारखं मोकळं असतं.

पहिल्या वर्षी मी घरातलीच दीडशेची ट्युब्युलर उचलून गाडीत टाकली आणि आम्ही कुंभार्ली घाटातून गुहागरला गेलो. बेल्टने घट्ट बांधली होती, हलली अजिबात नाही, पण घाटाच्या वळणांनी आणि खड्ड्यांनी व्हेंटमधून (गॅस जायच्या भोकांतून) ॲसिड शिंतडत राहिलं आणि आम्हाला काही कळलंच नाही. परत आल्यावर बेडची फळी उचलली तर खालचा प्लाय काळा पडून पापुद्रे सुटलेले, ॲल्युमिनियमच्या पट्टीला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, बोटाने दाबली तर कुरकुरणारी. खायच्या सोड्याचं पाणी ओतलं तर असा फेस आला की मुलगी घाबरून लांब पळाली. त्यात परतीच्या रात्री काचा लावून झोपलो होतो आणि चार्जर लावलेला, तर पहाटे सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. तो वास आला म्हणजे बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होतेय, विषारी गॅस निघतोय, आणि सोबत हायड्रोजन पण सुटतोय जो एका ठिणगीने पेट घेतो. हे सगळं आपण झोपतो त्याच खोलीत, आपल्या पाठीखाली. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे, माणसं झोपतात त्या गाडीत उघड्या व्हेंटची बॅटरी नको. अगदीच ठेवायची असेल तर बंद खोका आणि त्यातून गाडीच्या बाहेर जाणारी हवेची नळी, याशिवाय नको.

एसएमएफ म्हणजे सीलबंद, एजीएम किंवा जेल, ही मधली वाट. ॲसिड सांडत नाही, पाणी घालायचं नाही, बुटक्या आडव्या खोक्यात येते. वजन १०० एएचला तीस किलोच्या आसपास. अर्धी क्षमता वापरायचा नियम हिलाही लागू आहे. आणि उन्हाचा त्रास हिला जास्त, कारण आतलं पाणी उडालं तर वरून घालता येत नाही. लेड बॅटरीचा साधारण हिशोब असा की २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं, मग मे महिन्यात सोलापूरला पत्र्याखाली उभ्या गाडीत काय होत असेल बघा. पण ज्यांचा वापर शनिवार-रविवारचा आहे, फ्रिज नाही, नुसता पंखा-दिवे-मोबाईल, आणि मुक्काम शक्यतो होमस्टेच्या अंगणात जिथे प्लग मिळतो, त्यांनी १०० ची एसएमएफ घ्यावी आणि उरलेले पैसे चांगल्या वायरींवर घालावेत. त्यांना लिथियमची गरज नाही असं मी स्पष्ट सांगतो.

आता लिथियम. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. स्कूटरच्या जुन्या पॅकमधल्या दुसऱ्या केमिस्ट्रीच्या सेलची जोडाजोडी करून देणारे खूप आहेत, स्वस्त पडतं, पण त्या सेल बिघडल्या तर एलएफपीपेक्षा कमी तापमानाला आणि जास्त जोराने पेटतात, झोपायच्या गाडीत ते नकोच. एलएफपी १०० एएच साधारण बारा किलोची, एका हाताने उचलता येते. चांगली घ्यायची तर तीस हजारांच्या घरात किंवा वर जाते. लेड पाच-सातशे वेळा अर्धी उतरवून भरली की थकते, एलएफपी दोन-तीन हजार वेळा सहज जाते.

पण मला तिच्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट आयुष्य नाही, चार्जिंगचा वेग आहे. लेड बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन भरते आणि मग शेवटचे वीस टक्के तासन् तास घेते, कितीही मोठा चार्जर लावा. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत त्याच जोराने भरते. आपण हर्णैहून निघून तीन तासांनी दुसऱ्या बीचवर पोचतो तर तेवढ्या प्रवासात ३० अँपिअरच्या चार्जरने ती ऐंशी-नव्वद एएच भरून घेते, लेड तेवढ्या वेळात नाही घेत. फिरत्या गाडीला हा फरक फार मोठा आहे.

तिचे त्रास पण सांगतो. एक, अल्टरनेटरला थेट जोडायची नाही. ती मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी आयडलला उभी असेल तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असतो त्यामुळे तो तापून जळू शकतो. मधे डीसी टू डीसी चार्जर हवाच, तो करंट आवरून दुसरी बॅटरी भरतो. बीएस-६ मधल्या काही गाड्यांचा अल्टरनेटर स्मार्ट असतो, डिझेल वाचवायला व्होल्टेज पाडतो, तिथे तर साध्या रिलेवर (दोन बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) लेड बॅटरी पण नीट भरत नाही, म्हणजे हा खर्च दोन्हीकडे धरून चाला. दोन, किती टक्के उरली हे व्होल्टमीटरवरून कळत नाही. लेडला १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी असं वाचता येतं, लिथियम मात्र बराच वेळ १३.२ च्या आसपासच दाखवत राहते आणि मग एकदम पडून बीएमएस (बॅटरीच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट) सगळं बंद करतं, रात्री तीनला पंखा थांबतो. शंटवाला मीटर लावा, आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजणारा. तीन, शून्य डिग्रीच्या खाली ती चार्ज करायची नसते. कोकणात याचा संबंध नाही, पण ज्यांचा स्पितीचा प्लॅन आहे त्यांनी थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारं बीएमएस आहे का ते विचारून घ्या. (लेडवाल्यांनीही तिथे निर्धास्त राहू नये, उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड गोठून डबा तडकू शकतो.) आणि चार, वाटेत बिघडली तर कणकवलीच्या बॅटरीवाल्याकडे तिचं औषध नाही.

मावसभावाला फ्रिज हवाय, दोन लहान मुलं आहेत, दुधाचं बघावं लागतं, आणि एका जागी दोन-तीन रात्री राहायचा त्यांचा विचार आहे. त्याला मी १०० ची एलएफपी घे असंच सांगितलं. पैसे कमी पडत असतील तर बेड साधा कर, पण ही घे.

सोलरचं थोडक्यात. छतावर सपाट ठेवलेलं १०० वॅटचं पॅनल आपल्याकडे स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॅट-अवरच्या आसपास देतं, म्हणजे आमच्या हिशोबाला दोन पॅनल लागतात. पॅनल छताला चिकटवू नका, खालून हवा खेळू द्या, तापलं की उत्पादन पडतं. कोकणातली अडचण मात्र वेगळीच आहे. आपण गाडी सुरूच्या बनात लावतो, सावलीसाठी, आणि सावलीत पॅनल काही देत नाही, नुसती एक फांदी आडवी आली तरी निम्म्याहून जास्त करंट जातो. म्हणून आम्ही छतावर एकच ठेवलंय आणि दुसरं घडीचं, दहा मीटर वायर लावून वाळूवर उन्हात मांडतो. वायर जाड घ्या.

वायरीचं हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. बारा व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी घरच्या २३० पेक्षा जवळजवळ एकोणीस पट करंट वाहतो, त्यामुळे घरगुती वायरिंगचा अंदाज इथे चालत नाही. फ्रिजला थोडे वाढवून पाच अँपिअर धरा, तो बॅटरीपासून चार मीटरवर आहे, जाऊन-येऊन आठ मीटर. दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना करंट उसळतो तेव्हा अजून जातो, मग फ्रिज लो व्होल्टेज समजून बंद पडतो आणि आपण बॅटरीला दोष देतो. आमच्याकडे महिनाभर हेच चाललं होतं. चार स्क्वेअर एमएम टाकली, फ्रिज गप चालायला लागला. आणि प्रत्येक वायरीला फ्यूज, तो पण बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, कारण फ्यूज वायरीला वाचवायला असतो, फ्रिजला नाही. लिथियम शॉर्ट झाली तर क्षणात प्रचंड करंट सोडते, तिथे टपरीवरचा काचेचा फ्यूज कामाचा नाही, मेन फ्यूज जास्त शॉर्ट सर्किट करंट तोडू शकणारा, क्लास टी सारखा घ्या. लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) पक्कडीने दाबू नका, क्रिम्पिंग टूल भाड्याने आणा, ओढून बघा.

पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने उभी असते तेव्हा दोघींची निगा एकदम उलटी. लेड पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा परत भरायची, उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती परत पूर्वीसारखी होत नाही. लिथियम अर्धी भरलेली ठेवायची, बॅटरीवरची मेन लाइन काढून, आणि दसऱ्याला बघायची.

आणि लिथियम घेतलीच तर गाडीत बसवायच्या आधी घरात एक दिवस तपासा, कारण जुन्या सेल नव्या खोक्यात घालून विकणारे आहेत. पूर्ण चार्ज करा, मग गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब तिच्यावर लावा, फरशीच्या तुकड्यावर ठेवा कारण तो भयंकर तापतो, आणि वेळ लिहून ठेवा. करंट साधारण पाच अँपिअर जातो, डीसी क्लॅम्प मीटर असेल तर खरा आकडा मोजून घ्या. वीस तासांच्या आसपास जळला तर १०० एएच खरी आहे. चौदा-पंधरा तासांत विझला तर बिल आणि बॅटरी घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.