मीटरवर ११.५२ व्होल्ट दिसत होते, तरी ९,३५० रुपये गेले

चवथ आटोपून पाऊस ओसरल्यावर, सड्यावर माझे रिमोटचे छोटे विमान उडवायला जाण्यापूर्वी मी माझे तीन सेलांचे, २,२०० मिलिअँपिअर-तासांचे तीन लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पॅक चार्जरला लावले. तिन्हींवर एकच दोष दिसला: पहिला सेल शून्य, दुसरा ७.६८, तिसरा ३.८४ व्होल्ट. मी फोंड्याचा; ओळखीतल्या एकाने म्हापशातील एका बॅटरी दुरुस्त करणाऱ्याकडे जायला सांगितले. तो माणूस तपासणीचे पॅकमागे १५० प्रमाणे ४५० रुपये आधीच घेऊन मोकळा झाला.

त्याने माझ्यासमोर मल्टिमीटर पॅकच्या मुख्य पिवळ्या कनेक्टरला लावला आणि आकडा आला ११.५२. तो मी स्वतः पाहिला. त्यानंतर अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "बाब, तिन्हींचा पहिला सेल मेलाय, पावसाळ्यात असेच होते," आणि मी मान डोलावली. पूर्ण भरलेला लिपो सेल ४.२ व्होल्टच्या वर जात नाही, म्हणजे दोन सेलांचे फार तर ८.४ होतात. एक सेल मेलेला असता तर ११.५२ कोठून आले असते? ३.८४ गुणिले तीन हा साधा गुणाकार मला त्या क्षणी सुचला नाही. एकाच सेलमध्ये ७.६८ व्होल्ट असूच शकत नाहीत, आणि तीन वेगवेगळे पॅक एकाच दिवशी एकाच सेलने मरत नाहीत, हेही मला कळायला हवे होते. दोष पॅकमध्ये नव्हताच. तिन्ही पॅक मी ज्या बॅलन्स बोर्डातून (चार्जरला प्रत्येक सेल वेगळा मोजता यावा म्हणून मध्ये लावायची पट्टी) चार्जरला जोडत होतो, त्याची पहिल्या आणि दुसऱ्या सेलांमधली वायर हिरव्या गंजाने आतून तुटली होती, त्यामुळे दोन सेलांची बेरीज चार्जरला एकाच जागी दिसत होती. नवा बोर्ड मला नंतर १८० रुपयांना मिळाला.

मी अडाणी नाही. कनेक्टरचे सोल्डरिंग गेली सहा वर्षे स्वतः करतो. परंतु आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत मागच्याच वर्षी माझा एक पॅक फुगला होता, त्यामुळे त्याचे बोलणे खरे वाटले. जुने पॅक "घरी ठेवणे धोक्याचे" म्हणून त्याने स्वतःकडे ठेवून घेतले आणि प्रत्येकी २,३५० प्रमाणे ७,०५० रुपयांना तीन "नवे" पॅक दिले. बिल म्हणून मिळाली ती एक चिठ्ठी, तिच्यावर ना दुकानाचा शिक्का, ना जीएसटी क्रमांक. जुना पॅक कोणाच्याही ताब्यात देऊ नका, निदान फोटो काढल्याशिवाय देऊ नका.

पहिल्या नव्या पॅकमध्ये चार्जरने २,२०० ऐवजी ८७० मिलिअँपिअर-तासच भरले. दुसरा दुसऱ्याच उड्डाणानंतर उशीसारखा फुगला. वरचे निळे प्लॅस्टिक कापल्यावर आत जुन्या लेबलाचा फाटका तुकडा आणि वेगवेगळ्या जाडीच्या वायरी निघाल्या. तिसऱ्याच्या कनेक्टरवर लाल आणि काळी वायर उलट सोल्डर केलेली होती. तो जोडताच ठिणगी उडून विमानाचा १,८५० रुपयांचा स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, जळाला. पॅकने पेट घेतला नाही, हे नशीब. नवा पॅक विमानाला जोडण्याआधी मीटरने धन-ऋण तपासा, कितीही भरवशाचा माणूस असो.

पोलीस ठाण्यात तासभर बसवून ठेवल्यावर मला सांगण्यात आले की ही दिवाणी बाब आहे. नंतर, दुकान दुसऱ्या हद्दीत आहे. त्या हद्दीत गेलो तर, तुम्ही राहता तिथे तक्रार द्या. एका मदतवाहिनीवर तीनदा सगळी हकिकत सांगितली, तेव्हा उत्तर मिळाले की पैसे यूपीआयने गेले असले तरी तुम्ही स्वतः दुकानात उभे राहून दिलेत, त्यामुळे ही ऑनलाइन फसवणूक ठरत नाही. बँकेनेही तेच सांगितले. एका कार्यालयात तर खेळण्याच्या बॅटरीसाठी एवढा आटापिटा कशाला, असे विचारले गेले. उलट वायरीमुळे घरात आग लागली असती तर तीही खेळण्याची आग ठरली असती का? कोणीही तो पॅक हातात घेऊन पाहिला नाही, मी मीटर बरोबर नेला होता तरीही.

आता ग्राहक आयोगाकडे तक्रार देत आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. हे मला कोणत्याही कार्यालयाने नव्हे, वकील असलेल्या मावसभावाने सांगितले. फाडलेला पॅक टाकू नका, तोच पुरावा आहे. मी माझा मातीच्या कुंडीत वाळू घालून बाहेर ठेवला आहे. आणि दुरुस्तीला नेण्याआधी पॅकच्या बॅलन्स प्लगच्या (सेलांच्या बारीक वायरी जिथे येतात तो छोटा प्लग) काळ्या वायरीच्या पिनवर मीटरची एक तार ठेवून बाकीच्या पिना क्रमाने मोजा: निरोगी पॅकवर आकडे ३.८४, ७.६८, ११.५२ असे सारख्या पायऱ्यांनी चढतात.

माझे तीन चांगले पॅक अजून त्याच दुकानात आहेत, किंवा एव्हाना निळे प्लॅस्टिक चढवून दुसऱ्या कोणाला विकलेही गेले असतील.